भाव विचारणारा माणूस

भाऊबिजेला आक्काकडे गेलो की ओवाळणीनंतर ओसरीवर गप्पांची बैठक बसते. आक्काचे सासर आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून चार-पाच मैलांवर. गेल्या भाऊबिजेला तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, आपले नवे व्हिजिटिंग कार्ड माझ्या हातात ठेवले. नावाखाली हुद्दा होता ‘प्रोक्युअरमेंट मॅनेजर’. शहरातल्या दुकानांना भाजीपाला पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी तो जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून टोमॅटो, काकडी, फ्लॉवर असा माल घेतो. आक्काने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “म्हंजी नेमकं काय करतूस?”

“माल घेतो, आई.”

“म्हंजी यापारीच की!”

भाच्याचा चेहरा उतरला. शेतकीची पदवी घेतलेला मुलगा तो. त्याला हा शब्द लागणारच. आमच्या भागात ‘व्यापारी’ या शब्दाला अनेक पदर आहेत. त्यात अडीनडीला उचल देणारा माणूस आहे, मापात मारणारा माणूस आहे, आणि मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभा राहून पाहुण्यांचे स्वागत करणाराही तोच आहे.

“मामा, तुम्हीच सांगा हिला,” भाचा म्हणाला. “व्यापारी भाव करतो. मी भाव करतच नाही. भाव रोज ऑफिसातून येतो. माल त्यात बसतो की नाही, एवढंच मी बघतो.”

त्या दिवशी हसण्यावारी गेलेले हे वाक्य माझ्या मनातून काही जाईना. खरेदी हा ज्याचा व्यवसाय तो भाव करत नाही! बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या सहवासात गेली. कर्ज त्यांच्याच व्यवहारावर दिले आणि त्यांच्याच पट्ट्यांतून वसूल केले. त्या अनुभवाच्या उजेडात भाच्याचे वाक्य तपासून पाहावेसे वाटले. त्यासाठी त्याच्याबरोबर दोन-तीन दिवस हिंडलोही. त्यातून जे हाती लागले ते असे.

१९८४ साली मी शेती कर्जांचा अधिकारी म्हणून या भागात आलो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने गावांचे रूप पालटत होते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे, अशी या प्रकल्पाची पाच धरणे. जिथे बाजरी आणि मटकी निघे, तिथे ऊस, कांदा, टोमॅटो आणि पुढे द्राक्षे आली. पाणी आले की पीक येते, पीक आले की विकण्याची घाई येते, आणि घाई आली की खरेदीदाराचे राज्य येते. बँकेत नव्याने लागलेल्या माझ्यासारख्या पोराला हे गणित शिकवले ते एका आडत्याने. त्यांना सगळे ‘शेठ’ म्हणत. मीही तेच म्हणेन.

शेठ कांद्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत आणि तळाचा कांदा वर काढत. तो अंगठ्याने दाबत, पातीकडची मान पाहत, नाकाशी नेत. “हा पंधरा दिवस टिकेल, पण पाऊस लागलेला आहे,” असे म्हणत आणि मग शेतकऱ्याकडे पाहत. हे दुसरे पाहणे अधिक महत्त्वाचे असे. गडी घाईत आहे का, बरोबर बायको आहे का, पायात चप्पल आहे का, मागची उचल किती बाकी आहे; सारे त्या एका नजरेत येई. भाव ठरे तो या दोन पाहण्यांच्या बेरजेतून.

त्याही आधीच्या पिढीत भाव बोलतच नसत. रुमालाखाली दोन हात जात, बोटांनी बोटे दाबली जात आणि सौदा ठरे. मालकाला कळे ते शेवटचे. बेल्ह्याच्या बैलबाजारात ही बोटांची भाषा बोलणारे म्हातारे मी पाहिलेले आहेत. धान्याच्या आणि भाजीच्या बाजारात मात्र १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर उघड लिलावाचा दंडक आला. भाव मोठ्याने बोलायचा, चारचौघांत बोलायचा. एवढ्याशा गोष्टीने केवढी क्रांती केली, हे आज सांगून खरे वाटणार नाही.

पण भाव उघड झाला तरी पट्टी उघड झाली नव्हती. पट्टी म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद. शेतकरी ती पट्टी घेऊन कर्जाचा हप्ता भरायला आमच्याकडे येत, म्हणून मी ती वाचायला शिकलो. अडत, हमाली, तोलाई, बारदान आणि ‘कडता’, म्हणजे ओल आणि मातीपोटी दर पोत्यामागे सोडायचे वजन. ते किती सोडायचे हे घेणारा ठरवी. एकदा मी शेठना विचारले, “कडता इतका कशाला?” ते म्हणाले, “साहेब, तुम्ही व्याज लावता, आम्ही कडता लावतो.” उत्तर उद्धट होते, पण माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

हे सारे सांगितले ते अशासाठी, की जुना खरेदीदार म्हणजे कोणी रसिक पारखी होता आणि यंत्राने त्याची कला बुडवली, असे गोड चित्र मला रंगवायचे नाही. त्याच्या कलेचा निम्मा भाग समोरच्याची अडचण ओळखण्यात होता.

यंत्रांनी ही अडचण एकेक करून झाकायला सुरुवात केली, आणि त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. दुधाचे उदाहरण घ्या. पूर्वी दूध मापाने घेत. पाणी घालणारा आणि न घालणारा एकाच भावात. मग लॅक्टोमीटर आला. त्याला फसवायला लोक साखर घालायला शिकले. मग गर्बर पद्धत आली. काचेच्या नळीत दूध, त्यात गंधकाम्ल, ती नळी यंत्रात गरगर फिरवायची आणि वर तरंगलेली चरबी मोजायची. माझ्या काळात दूध संस्थेचा सेक्रेटरी हे काम करी. नळीवरचा आकडा वाचणारे डोळे त्याचेच, त्यामुळे भाऊबंदकीचा परिणाम फॅटवर होतो असे लोक चेष्टेने म्हणत. आता गावोगावी दूध तपासणारे स्वयंचलित यंत्र आहे. एका वाटीभर दुधात मिनिटाच्या आत फॅट, एसएनएफ आणि पाण्याचा अंश समोर येतो, छापील चिठ्ठी मिळते आणि पैसे खात्यात जमा होतात. एसएनएफ म्हणजे दुधातले चरबी सोडून उरणारे घन पदार्थ. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून दर ठरतो. त्याखाली गेले की दर पॉइंटामागे कापला जातो. विधवेचे दूध आणि सरपंचाचे दूध यंत्राला सारखेच. आमच्या तरुणपणी हे कोणी सांगितले असते तर आम्ही त्याला समाजवादी म्हटले असते.

टेलिफोनचेही तसेच. जुन्नर तालुक्याची मौज अशी की आर्वीला देशातले पहिले व्यापारी उपग्रह दळणवळण केंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभीच उभे राहिले. जवळच खोडदला पुढे तीस प्रचंड अँटेनांची दुर्बीण आली, जी अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. पण मुंबईत टोमॅटो कितीला गेला हे कळायला नारायणगावच्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या ट्रक ड्रायव्हरची वाट पाहावी लागे. ती बातमी आधी मिळे शेठना, कारण फोन त्यांच्याकडे होता. मोबाइल आल्यावर हा एक दिवसाचा फायदा संपला. आज शेतातला मुलगा टोमॅटो तोडता तोडता वाशी, सुरत आणि दिल्लीचा भाव सांगतो. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने भाजीपाला आणि फळे बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली आणि अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असे ठरवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने ‘ई-नाम’ हा संगणकावरचा बाजार सुरू केला. मुलूख पाहायला निघालेल्या कंपन्यांना थेट बांधावर येण्याचा रस्ता मोकळा झाला. माझा भाचा त्याच रस्त्याने आलेला माणूस.

आता त्याचा दिवस पाहा. संध्याकाळी त्याच्या फोनवर दुसऱ्या दिवशीची मागणी येते: अमुक टन टोमॅटो, व्यास एवढा ते एवढा, रंग निम्म्याहून अधिक लाल, देठ नको, डाग नको, तडा नको. सोबत भाव येतो. तो ठरवतो संगणक. मागच्या विक्रीवरून, हवामानावरून आणि इतर बाजारांच्या आकड्यांवरून. सकाळी नारायणगावच्या अलीकडच्या संकलन केंद्रावर पिकअप गाड्या लागतात. वीस किलोचा एकेक प्लॅस्टिकचा क्रेट उतरतो. शेतकरी त्याला ‘कॅरेट’ म्हणतात. मुली माल निवडतात, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होते, प्रत्येक क्रेटचा फोटो निघतो आणि तो फोटो त्याच क्षणी पुण्याच्या ऑफिसात पोचतो. कडता नाही, हमाली नाही, उचल नाही. पैसे ठरल्या दिवशी खात्यात. शेठच्या पेढीवर मी जे जे वाईट पाहिले, त्यातले इथे काहीही नाही.

आणि तरीही त्या सकाळी मी जे पाहिले ते मला विसरता येत नाही. पन्नाशीच्या एक बाई बत्तीस क्रेट घेऊन आल्या होत्या. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता. टोमॅटोला देठापाशी बारीक तडे गेले होते. चवीला काही झाले नव्हते. मी एक खाऊन पाहिला. तेरा क्रेट बसले, एकोणीस नाकारले गेले. बाई भाच्याला म्हणाल्या, “दादा, दोन रुपये कमी लाव, पण घे.” भाचा म्हणाला, “मावशी, कमी लावायला माझ्याकडं खाना नाही.”

खाना म्हणजे त्याच्या फोनमधला रकाना. तिथे दोनच होते: स्वीकृत आणि नाकारलेले.

मग मला त्याच्या भाऊबिजेच्या वाक्याचा अर्थ लागला. शेठ शेतकऱ्याला नाडत, पण प्रश्न विचारत तो ‘किती?’ असा. कसलाही माल आला तरी त्याला काहीतरी भाव असे. म्हणून तर आमच्या कांद्याच्या बाजारात मालाला इतकी नावे आहेत: पहिला नंबर, दुसरा नंबर, गोल्टी, बदला. अगदी खालच्या मालालाही नाव आहे, आणि नाव आहे म्हणजे भाव आहे. नव्या खरेदीचा प्रश्न वेगळा आहे. तो विचारतो, ‘हो की नाही?’ जो माल ‘नाही’त गेला त्याला तिथे नाव नाही.

हे कंपनीच्या दुष्टपणामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. ते आपल्यामुळे झाले. दुकानात काचेपलीकडे एकसारखे मांडलेले टोमॅटो आपणच दाबून पाहतो आणि तडा गेलेला बाजूला ठेवतो. भाचा म्हणतो, “मामा, मी शेतकऱ्याला नाही म्हणत नाही. गिऱ्हाईक उद्या जे नाही म्हणणार, ते मी आज म्हणतो.”

शिवाय काही ‘नाही’ योग्यच असतात. २०१० सालची द्राक्षे आठवतात. जुन्नरच्या पूर्व भागातल्या काळ्या, टपोऱ्या द्राक्षांनी तोवर परदेशात नाव कमावले होते. युरोपच्या अटींसाठी ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ नावाची नोंदणी सुरू केलेली होती. तिच्यामुळे पेटीवरच्या क्रमांकावरून ती कोणत्या बागेतली, हे सांगता येई. त्या हंगामात वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश तिकडच्या मर्यादेहून जास्त आढळला आणि भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. गोडी उत्तम, आकार उत्तम, आणि माल परत. द्राक्षाची पारख जन्मभर केलेल्या माणसालाही तो अंश जिभेला कळण्यासारखा नव्हता. त्या वर्षापासून खरेदीदाराने प्रथम विचारायचा प्रश्न बदलला. ‘साखर किती?’ हा नंतरचा प्रश्न. आधी ‘फवारणीची वही दाखवा.’ खाणाऱ्याच्या पोटात काय जाते याची चौकशी घेणाऱ्याने करावी, यात वाईट काहीच नाही. उलट ती चौकशी इतकी उशिरा का सुरू झाली, असे विचारले पाहिजे.

आक्काच्या गोठ्यातही हाच अनुभव. मागच्या वर्षी एका गायीला कासदाह झाला. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले आणि काही दिवस दूध घालू नका म्हणून सांगितले. सुनेने दिवस मोजले, पण एक कमी मोजला. संकलन केंद्रावर पट्टी बुडवून तपासणी झाली आणि अख्खी किटली नाकारली गेली. चांगल्या गायींचे दूधही त्यातच होते. इथे पॉइंट कापून भागत नाही; ते दूध लहान मुलाच्या पेल्यात जायचे असते. आक्काने ते मुकाट्याने ओतून दिले. चूक आपली हे तिला मान्य होते. पण संध्याकाळी ती मला म्हणाली, “मशीन खोटं बोलत न्हाई रं. पण आयकून बी घेत न्हाई.”

आक्काचे हे वाक्य ऐकल्यावर मला माझेच एक जुने प्रकरण आठवले. ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१९८६ मध्ये एक शेतकरी पाइपलाइनसाठी वीस हजार रुपये मागायला आला होता. मी त्याच्या शेतावर गेलो, विहिरीत वाकून पाहिले, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांशी बोललो आणि बारा हजार मंजूर केले. तो नाराज झाला. पाइप अर्ध्या शेतापर्यंतच गेला. पण कर्ज फिटले आणि तीन वर्षांनी उरलेला पाइपही गेला. त्या वेळी मी ‘किती?’ हा प्रश्न विचारत होतो. त्यात माझ्या लहरीला वाव होता, ओळखीपाळखीला वाव होता, आणि मनात आणले असते तर लाचेलाही होता.

पंचवीस-सव्वीस वर्षांनी मी व्यवस्थापक झालो होतो. तोच शेतकरी पुन्हा आला. बँकेत आता संगणक होता आणि संगणकावर प्रत्येकाच्या पतीचा तीन आकडी गुण दिसत होता. त्याने एका नातेवाइकाच्या मोटारसायकलच्या कर्जाला जामीन राहून सही केली होती. नातेवाइकाने हप्ते बुडवले होते. गुण खाली गेला होता. पडद्यावर लाल अक्षरे आली. मी त्याला पडदा वळवून दाखवला आणि म्हणालो, “माझ्या हातात काही नाही.” खरे तर वरिष्ठांना चार ओळींचे पत्र लिहून अपवाद मागता आला असता. ते काम होते, वेळ लागला असता, आणि अंगावर येण्याची भीती होती. पडद्याने मला एक सोय करून दिली होती आणि मी ती वापरली. पुढच्या वर्षी त्याने रस्त्याकडची एक एकर जमीन विकल्याचे कानावर आले. ते माझ्याच ‘नाही’मुळे झाले असे मी म्हणत नाही. पण त्या ‘नाही’ला ऐकून घेणारा माणूस जोडलेला असता, तर तो माणूस मी होतो.

म्हणून संकलन केंद्रावरचा भाचा मला परका वाटेना. “माझ्याकडं खाना नाही” हे त्याचे वाक्य आणि “माझ्या हातात काही नाही” हे माझे वाक्य, दोन्ही एकाच घरातली.

त्या बाईंच्या एकोणीस क्रेटचे पुढे काय झाले, हे वाचकांना हवे असेल. भाच्याने बाजूला जाऊन एक फोन केला. मग बाईंना म्हणाला, “मावशी, आत्ताच बाजार समितीत जा. लिलाव चालू आहे.” नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आम्ही गेलो तेव्हा ट्रकांची रांग लागलेली होती. तिथल्या एका तरुण आडत्याने क्रेटमध्ये हात घातला, एक टोमॅटो फोडला, वास घेतला आणि भाव बोलला. चांगल्या मालाच्या निम्म्याहून थोडा वर. दुसऱ्याने त्यावर दहा रुपये चढवले. हा माल सॉससाठी जाईल किंवा जवळच्या आठवडी बाजारात. आज रात्री खपला पाहिजे एवढेच. बाईंनी पट्टी कनवटीला लावली. तो तरुण आडत्या शेठचा नातू निघाला. आजोबांची हात घालण्याची लकब तशीच होती. काटा मात्र इलेक्ट्रॉनिक होता आणि कडता नव्हता.

तेव्हा ध्यानात आले ते हे: जी कंपनी बाजार समितीला वळसा घालून थेट बांधावर जाते, तिचा सारा व्यवहार बाजार समितीच्या भरवशावर उभा आहे. नाकारलेला माल कोणीतरी घेणारा आहे, म्हणूनच नाकारणे परवडते. उद्या ‘किती?’ विचारणारा हा बाजार ओस पडला, तर ‘नाही’ म्हटलेला माल रस्त्यावर ओतण्याखेरीज काही उरणार नाही.

२०२३ ने हे सारे एका वर्षात दाखवले. जुलैमध्ये टोमॅटोने देशभर डोळ्यांत पाणी आणले. नारायणगावला वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. दिल्लीत लोकांना टोमॅटो पुरवण्यासाठी केंद्र सरकारच खरेदीदार झाले: ‘नाफेड’ आणि ‘एनसीसीएफ’ या सहकारी संस्थांनी महाराष्ट्रासह तीन राज्यांतून माल उचलला आणि आधी नव्वद, मग ऐंशी, मग सत्तर रुपये किलोने विकला. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयात झाली. त्या दिवसांत भाच्याच्या फोनमधली तडे आणि डाग यांची अट आपोआप सैल झाली. जे मिळेल ते स्वीकृत. सप्टेंबरात भाव कोसळला आणि अट पुन्हा ताठ झाली. टोमॅटो तोच, तडा तोच. म्हणजे यंत्राचे निकषही आपण समजतो तितके निर्विकार नसतात. गरज पाहून तेही वाकतात. फरक इतकाच, की शेठ वाकत तेव्हा समोर दिसत.

आणि आता भाच्याच्या स्वतःच्या नोकरीवरच यंत्राची सावली पडते आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक फळाचा कॅमेरा फोटो घेतो, रंग, आकार, डाग मोजतो आणि वाऱ्याच्या झोताने खराब फळ बाजूला उडवतो, अशी यंत्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. भाव संगणक ठरवतो, निवड कॅमेरा करणार, पैसे बँक पाठवते. मग खरेदी अधिकाऱ्याने काय करायचे? हा प्रश्न त्याने मला त्या दिवशी गाडीत विचारला. पोरगा गाडी चालवत होता आणि त्याचे लक्ष रस्त्यावर होते, पण आवाजावरून कळत होते की हा प्रश्न तो रोज रात्री स्वतःला विचारतो. घराचा हप्ता आहे, दोन मुले आहेत.

मी त्याला उपदेश केला नाही. बँकेतले आमचे खतावणी लिहिणारे कारकून, ज्यांच्या अक्षराला साहेब लोक वचकून असत, ते संगणकाच्या पहिल्या लाटेत कसे गोंधळले आणि त्यातले कोण तरले, एवढे सांगितले. तरले ते वेगाने टाइप करणारे नव्हेत. खातेदाराला काउंटरपलीकडून नावाने हाक मारणारे तरले.

जुन्नरचा हा मुलूख खरेदी-विक्रीला नवा नाही. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी माल कोकणात उतरत होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण अजून उभा आहे, त्यात जकात टाकीत असे लोक सांगतात. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवल्याचे म्हटले आहे. जुना बँकवाला म्हणून मला त्या ठेवीचे विशेष वाटते. ते पैसे ठेवणाऱ्याने विश्वास टाकला होता तो श्रेणीवर, म्हणजे ज्यांना जाऊन विचारता येईल अशा माणसांवर.

परवा भाच्याचा फोन आला. तो त्या बाईंच्या शेतावर जाऊन आला होता. कंपनीला येत्या आठवड्याच्या मालाचा अंदाज लागतो, म्हणून तोडणीच्या आधी शेते पाहण्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे. कोणी सांगितले नव्हते. बाईंच्या बागेत तो सरीसरीतून हिंडला, फळे उलटून पाहिली आणि म्हणाला, “मावशी, या चार सऱ्यांचा माल आमच्याकडं बसणार नाही. तो आधी तोडा आणि पहाटेच बाजाराला लावा. बाकीचा परवा माझ्याकडं आणा.” बाईंचे निवडीच्या रांगेतले दोन तास वाचले, एक गाडीभाडे वाचले आणि बाजारात भाव भरात असताना माल उभा राहिला. कंपनीच्या केंद्रावर त्या दिवशी एकही क्रेट परत गेला नाही, म्हणून कंपनीही खूश.

“फोनमध्ये तिसरा खाना अजून आलेला नाही, मामा,” तो म्हणाला. “मागितलाय. पण ‘नाही’ सांगायचंच असेल, तर तोडणीच्या आधी जाऊन सांगता येतं.”

आक्काला मी हे कळवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आन् त्या बाईला भाव काय मिळाला?”

भाच्याला तो माहीत होता. त्याने विचारून घेतला होता.